गळ्याचं माप

४ नोव्हेंबर

प्रिय ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. सोबतची मापं आणि तू लिहिलेलं माहितीपत्रकही मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. चिरंजीव त्यांच्या कामात आणि सूनबाई माझ्या मागे. तिने माझ्या जेवणातलं मीठ निम्म्यावर आणलंय आणि मी गुपचूप वरून घेऊ नये म्हणून मिठाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. म्हटलं, अगं, मी स्टुलावर चढून पडलो म्हणजे? तर तिने स्टूलच उचलून नेलं.

'साठीनंतर रोज पाळायच्या गोष्टी' दोनदा वाचलं. शाळा सुटून आठ वर्षं झाली, पण तुझ्यातल्या बाई काही निवृत्त झालेल्या दिसत नाहीत. 'तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे' याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास, जणू हे उद्या परीक्षेत येणार आहे. पण चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, पुष्कळसं पटलं. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसावं आणि मग उभं राहावं, हे मी त्याच दिवसापासून करतोय. सकाळी गरगरायचं ते कमी झालंय. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवावी, हेही चिरंजीवांच्या कानावर घातलं. 'बघतो' म्हणाले. त्यांचं 'बघतो' तुला माहीतच आहे.

एका कलमावर मात्र माझी हरकत आहे. म्हणे बसून काम करणाऱ्याने दर अर्ध्या तासाला उठावं. मी पन्नास वर्षं मशीनवर काढली. दर अर्ध्या तासाला उठलो असतो तर माझी गिऱ्हाइकं एका बाहीचे कोट घालून फिरली असती. आता कंबर रोज संध्याकाळी त्याचा जाब विचारते, तेव्हा हेही तुझंच खरं धरायला हवं.

तुमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळाने वार्षिक सभेत तुला बोलायला बोलावलं, तुझा आधीचा आणि आताचा फोटो पडद्यावर दाखवणार, हे वाचून बरं वाटलं. सूनबाईला वाचून दाखवलं. नऊ महिन्यांत चौदा किलो म्हणजे काय गंमत आहे का, असं ती म्हणाली. सभेसाठी नवं जाकीट तू हक्काने मागितलंस तेही आवडलं. तू सात वर्षांची असल्यापासून तुझे कपडे मी शिवतोय. राखाडी लोकरी कापड काढून ठेवलंय. अंगावर छान बसेल असं आहे.

आता कामाचं. तुझी मापं मी वहीत मागच्या वर्षीच्या मापांशेजारी उतरवली. छाती साडेतीन इंच कमी, कंबर पाच इंच, दंड दीड. मनगटसुद्धा पाव इंचाने उतरलंय. फक्त गळा तेवढा पाऊण इंचाने जास्त आलाय. तो चुकला असणार. तू टेप सदऱ्याच्या कॉलरवरून धरली असशील. परत घे. आरशासमोर मान सरळ ठेवून उभी राहा, टेप मानेच्या तळाशी धर, आत एक बोट जाईल इतकी सैल. तीन दिवस रोज सकाळी घे आणि तिन्ही आकडे लिही. लेकीकडून घेतलंस तर उत्तम. स्वतःचं माप स्वतः घेणारा माणूस स्वतःला थोडी सूट देतोच, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक-दोन गोष्टी विचारतो. अस्तर जाड लावू की पातळ? तू लिहिलंयस की बाकीचे कुडकुडतात तेव्हा तुला घाम येतो आणि तू खिडकी उघडी टाकून झोपतेस. पहिल्या गार वाऱ्याला कानाला रुमाल बांधणारी तू, म्हणून विचारतो. झोप किती तास लागते? भूक कशी आहे? आणि पत्र घाईत लिहिलंस का? तुझं अक्षर फळ्यावर शोभावं असं, पण या खेपेला सगळे काने, वेलांट्या हलल्यासारख्या दिसल्या.

सगळ्याची उत्तरं सविस्तर लिही. जाकीट बेतायला उपयोगी पडतील.

तुझा
दादा

ता. क. तुझं नववं कलम: 'वजन उतरू लागले की समजावे, आपण योग्य मार्गावर आहोत.' पत्रक अजून छापायला देऊ नकोस. कारण मागाहून लिहितो.


१७ नोव्हेंबर

प्रिय ठकीस,
आशीर्वाद, रागावली असलीस तरी.

तुझं पत्र काल आलं. तीन दिवसांचे तीन आकडे, सव्वाचौदा, सव्वाचौदा, सव्वाचौदा. लेकीने घेतलेत म्हणजे बरोबरच असणार. त्याच्याखाली तू माझी जी हजेरी घेतलीस तीही वाचली. जन्मभर 'जाडे' म्हणून हाक मारलीस, आता मी बारीक झाले तर तुला ते बघवत नाही का, असं तू विचारलंस. चिडवलं, हे कबूल आहे. घरात सगळ्यांत जास्त चिडवलं ते मीच. त्याबद्दल केव्हाच माफी मागायला हवी होती, ती आज मागतो.

पण तुझी बाकीची उत्तरं मी कितीदा वाचली ते सांगत नाही. चार तास झोप लागते आणि तरी उत्साह असतो. पूर्वीच्या दीडपट खातेस आणि वजन उतरतंच आहे. जिना चढलं की छाती धडधडते, ती व्यायामाने हृदय जागं झाल्यामुळे. हात थरथरून चहाचा कप वर्तमानपत्रावर सांडला आणि तू आणि लेक खूप हसलात. हे सगळं तू इतकं आनंदाने लिहिलंयस की मला त्या आनंदाचीच भीती वाटली.

का वाटली ते आता लिहायला हवं. कालपासून टाळतोय. आधी बटणं निवडून ठेवली, मग मशीनला तेल घातलं, मग सगळ्या कात्र्यांना धार लावून आणली. आता करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझी वहिनी गेली त्याला दोन वर्षं झाली. आजार उशिरा कळला, इतकंच सगळ्यांना माहीत आहे. उशीर कसा झाला हे मला एकट्याला माहीत आहे. चिरंजीवांनाही मी ते सांगितलेलं नाही.

तिचा प्रत्येक कपडा मीच शिवायचो. दुसऱ्या कुणाचा टाका तिच्या अंगाला लागू दिला नाही, याचा मला मोठा तोरा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत ती म्हणाली, सैल होतंय, जरा आत घ्या. मी माप घेतलं. कंबर दोन इंच कमी. वहीत आकडा लिहिला, तारीख घातली आणि टीप आत घेऊन दिली. मे महिन्यात परत तेच. ऑगस्टमध्ये पुन्हा, आणि या खेपेला दंड आणि खांदेही उतरलेले. मी तीनदा उसवलं, तीनदा आत घेतलं, आणि तिन्ही वेळा खूश झालो. लग्नातलं माप परत आलं, असं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो. ती अर्धं ताट तसंच ठेवून उठायची. पोट भरलं म्हणायची. मला वाटायचं, आता ही अंगाची काळजी घेते आहे.

त्या जूनमध्ये तू चार दिवस आली होतीस. मी पाणी प्यायला आत आलो तेव्हा तू मला बाजूला घेऊन विचारलंस की वहिनी इतकी कशी उतरली. मी काय म्हणालो ते तुला आठवत नसेल. मी म्हणालो, 'बारीक झाली तर तुला बघवत नाही का?' काल तुझ्या पत्रात तेच शब्द वाचले आणि पत्र खाली ठेवलं.

ऑक्टोबरात तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? हे कुणाला नेमकं सांगता येत नाही बहुधा. मला आलं. मी वही काढून दिली. तीन तारखा, सगळे आकडे, माझ्या अक्षरात. त्यांनी ते पान सावकाश वाचलं, वही मिटली आणि मला परत दिली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. आठ महिने ती माझ्या हाताखालून इंचाइंचाने कमी होत होती आणि मी ते लिहून ठेवत होतो. काय होतंय, एवढं एकदासुद्धा विचारलं नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारलं, तुला कळत नव्हतं का गं? ती म्हणाली, "कळत होतं. पण तुम्ही टेप गुंडाळताना शीळ घालायचात. किती वर्षांनी ऐकत होते. मला बोलवेना."

यावर मी आजवर कुणाशी बोललो नाही. तुझ्याशी बोलतोय, कारण तुझी मापं माझ्या पुढ्यात आहेत.

ठके, मी डॉक्टर नाही. तुला काय झालंय ते मला ठाऊक नाही, आणि काहीच झालेलं नसलं तर माझ्यासारखा सुखी माणूस नाही. मला फक्त मापं कळतात, आणि तुझ्या मापांचा मेळ बसत नाही. माणूस फिरून, जपून खाऊन बारीक झाला तर तो सगळीकडून थोडा थोडा उतरतो, आणि तू तर जास्त खातेस. सगळं अंग उतरतंय आणि गळा वाढतोय, असं पन्नास वर्षांत माझ्या टेपने पाहिलेलं नाही. अंग सुटलं तर चार लोक टोकतात, उतरलं तर तेच चार लोक अभिनंदन करतात. तुझं मंडळ तर पडदा लावून करणार आहे. तुला कुणी विचारणार नाही, म्हणून मी विचारतोय.

जाकीट बेतलेलं नाही आणि इतक्यात बेतणारही नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येतोय. मंगळवारी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ती तुझ्या लेकीने घेतली, मी तिला फोन केला होता, तिला बोलू नकोस. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन, आणि गार फरशीवर बसणं म्हाताऱ्या सांध्यांना वाईट, हे तुझंच सहावं कलम आहे.

तुझ्या वहिनीनंतर मी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. आमच्या गल्लीतल्या साध्या डॉक्टरांकडेही नाही. सूनबाई मीठ कमी करते ते नुसत्या अंदाजाने, कारण मी ब्लडप्रेशर मोजू देत नाही. मंगळवारी मी चढणार आहे. मला एकट्याला जमायचं नाही. तू बरोबर चल.

तुझा
भ्यालेला दादा


२९ डिसेंबर

प्रिय ठकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचा पत्ता पाहिला आणि आत काय आहे ते वाचण्याआधीच निम्मा जीव भांड्यात पडला. वेलांट्या पुन्हा ताठ उभ्या आहेत.

गोळ्यांनी धडधड थांबली, सहा तास झोप लागते, पांघरूण अंगावर घ्यावंसं वाटतं, हे सगळं सूनबाईला वाचून दाखवलं. वजन एक किलोने वाढलं आणि काट्यावर उभी राहून तुला रडू आलं, हे मात्र मी मनातच वाचलं. इतके महिने मिरवलेली गोष्ट आजार निघाली की वाईट वाटणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. थायरॉइडची गाठ गळ्यात बसून सगळ्या अंगाला पळवत होती, आणि तुला वाटत होतं तू पळते आहेस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरू नकोस. आणखी काही महिने गेले असते तर हृदयाला झेपलं नसतं. आता रक्त तपासत राहायचं आणि गोळी त्यांनी सांगितली तशीच घ्यायची. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. तू बाई आहेस, तुला पाठ असेल, तरी सांगतो.

सभेत तू फोटो दाखवू दिला नाहीस आणि खुर्चीवर बसून जे झालं ते सरळ सांगितलंस. तुझ्यासारख्या मानी बाईला ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. सभा संपल्यावर एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी हळूच विचारलं, 'माझाही पट्टा दोन भोकं आत गेलाय, दाखवू का?' एवढ्यासाठी तरी ती सभा झाली हे चांगलं झालं. त्यांनी दाखवलं की नाही ते विचारून घे. नुसतं सांगून सोडू नकोस.

चिरंजीवांना वहीचं सांगून टाक, असं मी निघताना तू बजावलं होतंस. पंधरा दिवस लागले, पण सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आत. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग तो उठला आणि माझं ताट त्यानेच उचललं. दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन आला आणि बाथरूममध्ये दांडी बसवली. आता मला दर शनिवारी ब्लडप्रेशर मोजायला नेतो. पहिल्यांदा भलतंच निघालं, त्यामुळे सूनबाईचा अंदाज बरोबर होता हे मान्य करावं लागलं. माझीही एक गोळी सुरू झाली आहे. घरात माझी पत पार गेली.

जाकिटाची घाई करू नकोस. तू पूर्ण बरी झालीस की मी येईन आणि माप मीच घेईन.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. त्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तुझा गळा तपासला आणि विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? तू म्हणालीस, "माझा दादा टेलर आहे. त्याने विचारलं." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत." मी म्हटलं, चहा घेऊन येतो, आणि बाहेर पडलो. अर्ध्या तासाने हात हलवत परत आलो तेव्हा तू माझी टर उडवलीस की दादाला चहाची टपरी सापडली नाही. मी हो म्हणालो.

मी चहा आणायला गेलोच नव्हतो. समोरच्या बाकावर बसलो होतो, आणि इतका रडलो की शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि मला नीट बसायला जागा करून दिली. काही विचारलं नाही त्यांनी. त्यांना वाटलं असेल, याचं कुणीतरी गेलं.

तुझी वहिनी गेल्यापासून मी तिच्याशी रोज मनात बोलतो. दोन वर्षं रोज एकच बोलत होतो, चुकलो, माफ कर. त्या बाकावर पहिल्यांदा तिला दुसरं काही सांगितलं. म्हटलं, ऐकतेस का, ठकी बरी होणार आहे. तुझ्यामुळे मला कळलं.

गोळी चुकवू नकोस.

तुझा
दादा